ठेकेदाराकडे बारा तासांची पाळी, युनियन करावी का? जळगावच्या एका चटई कामगाराला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही सहा वर्षांपासून जळगाव एमआयडीसीतल्या प्लास्टिक चटईच्या कंपनीत लूमवर, म्हणजे चटई विणायच्या यंत्रावर आहात. कंपनीत सगळे मिळून १४० जण, त्यातले बहुतेक तीन ठेकेदारांकडे. पाळी बारा तासांची, रोज पाचशे रुपये, पगार ठेकेदार रोखीने हातात देतो. फंड (पीएफ) कापतात म्हणे, पण जातो कुठे ते माहीत नाही. तुम्ही बावीस जण युनियन करायचं म्हणताय. ठेकेदार म्हणतो, ‘युनियन केली म्हणूनच अमळनेर-धुळ्याच्या मिली बंद पडल्या, तुम्हालाही घरी बसायचंय का?’ घरचेही घाबरलेत. तर युनियन करावी का, आणि केली तर सुरुवात कुठून करावी?

करा. पण गेटवर बोर्ड आणि झेंडा लावायची घाई करू नका. खान्देशातल्या ठेका कामगाराची पहिली लढाई आपण या कंपनीत कामाला आहोत हे कागदावर आणायची असते. कामगार चळवळीत माझं आयुष्य गेलं, आणि कागदात नाव नसलेल्या माणसाची बाजू मांडताना किती हाल होतात ते मी पाहिलेलं आहे. उरलेलं सगळं या एका गोष्टीवर उभं राहतं.

आधी मिलचा मुद्दा घेतो, कारण हा मुद्दा तुमच्या आई-वडिलांच्या मनात ठेकेदारापेक्षाही खोल बसलेला असणार. आपल्याकडे कापूस पिकायचा म्हणून मिली आल्या. जळगावची मिल एकोणिसाव्या शतकातली. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची मिल, चाळीसगावची मिल, यांच्या भोंग्यावर गावं उठायची. त्या मिलींमध्ये युनियन होत्या हे खरं. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, त्यांनी १९३८ मध्ये तिथून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं आणि ते शेतकऱ्यांच्या, मिल कामगारांच्या बाजूने उभे राहिले. १९४६ च्या ऑगस्टमध्ये अमळनेरात कामगारांवर गोळीबार झाला, माणसं गेली. म्हणजे कामगारांनी काही मागितलं ते फुकट पदरात पडलेलं नाही.

पण मिली बंद पडल्या त्या कशाने? कापड विणायचं काम मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेलं. तिथे मजुरी कमी, फंड नाही, विमा नाही. लोक सुती सोडून टेरिकॉट घालायला लागले. मिलींमधले माग जुने झाले, आणि कमाईतला पैसा नव्या यंत्रांत घालण्याऐवजी बाहेर काढला गेला. शेवटी तर शहराच्या मध्यावर असलेल्या मिलच्या जागेची किंमत मिलमधून निघणाऱ्या कापडापेक्षा जास्त झाली. ठेकेदार लोक इथे मुंबईचा संप आणून मिसळतात. तो संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, तोही आधीच उतरणीला लागलेल्या धंद्यात. आणि कोणी युनियनवर बोट ठेवलं की त्याला अहमदाबादचं विचारा. तिथल्या मजूर महाजन संघाची परंपराच गांधीजींच्या लवादाची, संप टाळण्याची. शेजारच्या गुजरातमधल्या त्या मिलीसुद्धा १९८० च्या दशकात एकामागून एक बंद पडल्याच. संप करणाऱ्यांच्या मिली गेल्या आणि न करणाऱ्यांच्याही गेल्या.

यातली तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. मिल बंद पडली तेव्हा कामगाराचं नाव मस्टरवर होतं. त्याला तिकीट नंबर होता, फंडाचं खातं होतं, ग्रॅच्युइटी किती निघते ते मांडता येत होतं. वर्षानुवर्षं कोर्टात भांडावं लागलं, कित्येक जण वाट बघत गेले, पण त्यांच्या वारसांना निदान दावा तरी करता आला. एमआयडीसीत आज एखादी बिनयुनियनची कंपनी बंद पडते तेव्हा काय होतं ते तुम्ही शेजारच्या प्लॉटवर पाहिलं असेल. रविवारी यंत्रं ट्रकवर चढतात, सोमवारी गेटला कुलूप, ठेकेदाराचा फोन बंद. शंभर माणसं कुसुंब्याच्या आणि मेहरुणच्या खोल्यांत परत जातात आणि ती तिथे कामाला होती याचा कुठेच पुरावा नसतो.

आता तुमच्या पाचशे रुपयांचा हिशेब करू. हा हिशेब तुम्ही बावीस जणांसमोर वहीवर करून दाखवा, कारण बहुतेकांनी तो कधी केलेला नसतो.

कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. म्हणजे बारा तासांतले आठ तास साधे आणि वरचे चार तास दुप्पट, म्हणजे आठ तासांच्या मोलाचे. एकूण सोळा तासांची मजुरी झाली. पाचशेला सोळाने भागा. तासाला ३१ रुपये २५ पैसे. आठ तासांचे २५०. सव्वीस दिवसांचे ६,५०० रुपये. तुमचा खरा पगार हा आहे, बाकी सगळं तुमच्या झोपेचं आणि पोरांसोबतच्या वेळेचं मोल आहे. महाराष्ट्रात प्लास्टिक उद्योगाला किमान वेतन ठरलेलं आहे, ते मूळ वेतन अधिक विशेष भत्ता असं असतं आणि हा भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, महागाईप्रमाणे बदलतो. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगवेगळे दर असतात. ताजा दर कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. तो ६,५०० च्या बराच वर आहे, हे तुम्हाला बघताक्षणी कळेल. लूम चालवणारा माणूस अकुशल म्हणून लावलेला असेल तर तो वेगळा मुद्दा, तोही लिहून ठेवा.

ठेकेदार म्हणेल की आता बारा तास कायदेशीर झालेत. अर्धवट ऐकलेली गोष्ट आहे ती. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातली रोजची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायचा निर्णय घेतला हे खरं. पण आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच ठेवली, त्यावरच्या तासांना दुप्पट मजुरी आणि कामगाराची लेखी संमती ठेवली, आणि तीन महिन्यांतला ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तासांपर्यंत वाढवला. तुमचं बघा. रोज चार तास जादा, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे १०४ तास. तीन महिन्यांचे ३१२. नव्या वाढवलेल्या मर्यादेच्याही दुपटीहून जास्त. मला स्वतःला हा निर्णय मुळातच चुकीचा वाटतो. मे महिन्यात जळगावात पारा ४५ वर जातो, पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकचा दाणा वितळवणाऱ्या यंत्राशेजारी बारा तास उभं राहणं काय असतं ते निर्णय घेणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. पण त्यांचाच निर्णय धरला तरी तुमची पाळी त्यात बसत नाही.

आता कागद. हा भाग सावकाश वाचा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. जुने २९ कायदे त्यात गेले. या संहितांबद्दल माझी तक्रार मोठी आहे, ती पुढे सांगतो, पण त्यात तुमच्या हाताला लागणाऱ्या तीन-चार गोष्टी आहेत त्या सोडू नका. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे. कामावरून काढलं किंवा तुम्ही सोडलं तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. पगार कमी दिला किंवा दिलाच नाही अशी तक्रार झाली तर पैसे दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही. मागचा दावा तीन वर्षांपर्यंतचा करता येतो. आणि तो दावा तुमच्या वतीने तुमची युनियन दाखल करू शकते. म्हणजे एकट्याचं नाव पुढे न करता सगळ्यांचा मिळून दावा जातो. माझ्या मते युनियन करायचं सगळ्यात मोठं व्यवहारी कारण हेच आहे.

पण पगार दिल्याचं मालकाने सिद्ध करायचं, त्याच्या आधी तुम्ही तिथे कामाला होता हे तुम्हाला दाखवावं लागेल. ठेकेदार सरळ म्हणतो, ‘हा माणूस कोण? मी ओळखत नाही.’ त्यासाठी आजपासून जमवायला लागा. गेटपास असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो. पाळीचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज, सुपरवायझरचे ‘उद्या रात्रपाळीला ये’ असे आवाजी निरोप, ते पुसू नका. लूमच्या उत्पादनाच्या कार्डावर तुमचं नाव किंवा सही असेल तर त्याचा फोटो. दाण्याच्या पोत्यांची चलनं, कंपनीने दिलेली बक्षिसं, दिवाळीच्या मिठाईच्या वेळचे ग्रुप फोटो. आणि एक साधी वही. तारीख, आत गेलो किती वाजता, बाहेर आलो किती वाजता, कोणत्या लूमवर, पैसे कधी मिळाले, किती मिळाले. रोज लिहायची, आठवड्याचं एकदम नाही. वेगवेगळ्या चार माणसांच्या अशा वह्या एकमेकींशी जुळल्या की त्याचं वजन फार पडतं.

फंडाचं तर आज रात्रीच बघा. सरकारच्या उमंग ॲपवर यूएएन, म्हणजे फंडाचा तुमचा कायमचा नंबर, टाकून पासबुक निघतं. नंबर माहीत नसेल तर आधार आणि मोबाइलवरून शोधता येतो. पासबुकात मालक म्हणून कोणाचं नाव आहे, दर महिन्याला भरणा आहे का, किती पगारावर भरलाय, मधेच किती महिने रिकामे आहेत, सगळं उतरवून घ्या. पगारातून बारा टक्के कापून फंडात न भरणं हा गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार भविष्य निर्वाह निधी कार्यालयात वेगळी करता येते. कामगार विम्याचंही तसंच. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात. कार्ड निघालंय का ते विचारा. हात मशीनमध्ये गेला तर त्या कार्डाची किंमत कळते, पण तेव्हा ते काढून उपयोग नसतो.

मागे एक प्रकरण आलं होतं. एक भाऊ एकाच कंपनीत, एकाच यंत्रावर चौदा वर्षं होते. कंपनीचं म्हणणं, हे आमचे नाहीत आणि ठेकेदाराकडेही फक्त दोन वर्षं होते. पासबुक काढलं तर त्यात चार वेगवेगळ्या ठेकेदारांची नावं निघाली, चारही एकामागून एक, मधे एक महिन्याचाही खंड नाही, आणि चौघांचा पत्ता त्याच एका प्लॉटचा. ठेकेदार बदलत गेले आणि माणूस तिथेच होता हे कागदाने आपणहून सांगितलं. कंपनी शेवटी तडजोडीला आली आणि ग्रॅच्युइटीचे पैसे निघाले. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे: शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. तुमची सहा वर्षं झालीत, म्हणजे तुम्ही पाच वर्षांच्या अटीत बसलाच आहात. ठेकेदार तुम्हाला वर्षाअखेरीस ‘नवीन फॉर्म भर’ म्हणतो का? म्हणत असेल तर कारण हेच आहे. सही करायच्या आधी फॉर्मचा फोटो काढा.

तुमचा मालक कोण, याचं उत्तर कायद्यात बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पगार देणं ठेकेदाराचं काम, पण त्याने दिला नाही तर ज्याची जागा, ज्याची कंपनी, त्याच्यावर जबाबदारी येते, असं वेतन संहितेचं कलम ४३ सांगतं. दुसरं म्हणजे कारखान्याच्या मूळ कामात ठेका कामगार लावायला नव्या संहितेत बंदी आहे, काही अपवाद सोडून. चटईच्या कंपनीत चटई विणणं हे मूळ काम नसेल तर मग कोणतं? पण हा नियम पन्नास किंवा जास्त ठेका कामगार असलेल्या ठिकाणी लागतो. पूर्वी महाराष्ट्रात हीच मर्यादा बऱ्याच काळ वीस होती. माझी तक्रार इथे आहे. कायद्यात हक्क लिहायचा आणि शेजारी असा आकडा लिहायचा की निम्म्या एमआयडीसीने त्यातून सुटावं. कपात करायला किंवा कंपनी बंद करायला सरकारची परवानगी लागायची ती पूर्वी १०० कामगारांना, आता ३०० ला. जळगावात ३०० च्या वर हजेरी दाखवणाऱ्या कंपन्या बोटावर मोजण्याइतक्या. तुमच्या तीन ठेकेदारांची कागदावरची संख्या किती किती आहे ते म्हणूनच शोधून काढा. तिघेही एकाच माणसाचे भाऊबंद निघाले तर नवल वाटून घेऊ नका.

आता युनियन कशी करायची. नोंदणीला सात जणांनी अर्ज करायचा असतो, आणि कंपनीतल्या कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी ते, एवढे सभासद लागतात. १४० चे दहा टक्के चौदा. तुम्ही बावीस आहात, म्हणजे नोंदणी होईल. पण कंपनीत दुसरी युनियनही उभी राहिली, तर बोलणी करणारी एकमेव मान्यताप्राप्त युनियन व्हायला हजेरीवरचे ५१ टक्के लागतात, म्हणजे तुमच्या कंपनीत ७२ जण. हा ७२ चा आकडा डोळ्यांसमोर ठेवून कामाला लागा. बावीस जणांनी गेटवर घोषणा दिल्या तर आठवड्याभरात बावीसच्या जागी दुसरे बावीस येतील.

आणि हे पन्नास जण कुठून आणणार याचा विचार केलात का? तुमच्या पत्रात सगळी नावं आपल्याकडचीच, धरणगाव, एरंडोल, पारोळ्याची दिसतात. लूमवर रात्रपाळीला उत्तर प्रदेश, बिहारचे पोरं किती आहेत? बुऱ्हाणपूर, खरगोनकडचे किती? पॅकिंगला बाया किती? ठेकेदाराला ठाऊक असतं की गाववाले आणि भैये एकत्र बसत नाहीत, ऑपरेटर हेल्परला हलका समजतो, आणि बायांना कोणी मीटिंगला बोलवत नाही. या तीन भेगांवरच त्याचा धंदा चालतो. म्हणून पहिल्या पाच जणांच्या कमिटीत एक परप्रांतीय आणि पॅकिंगमधली एक ताई हवीच. माणूस म्हणून तर हवीच, शिवाय हिशेबानेही हवी, कारण त्यांच्याशिवाय ७२ होत नाहीत. बायांना त्याच कामाचे पुरुषांपेक्षा कमी पैसे देणं बेकायदा आहे, हा मुद्दा त्या ताईच्या तोंडून पुढे आला पाहिजे.

मीटिंग कंपनीच्या आसपास घेऊ नका, चहाच्या टपरीवर तर मुळीच नाही. सुप्रीम कॉलनीत कोणाच्या खोलीवर, सुट्टीच्या दिवशी, दहा-बारा जणांच्या गटाने बसा. पहिल्या बैठकीत फक्त पासबुकं बघायची. दुसऱ्या बैठकीत वरचा हिशेब. भाषण तिसऱ्या वेळी केलं तरी चालेल.

वर्गणीबद्दल मी फार कडक आहे. पहिल्या रुपयापासून पावती, पहिल्या महिन्यापासून बँकेत खातं, दोघांच्या सह्यांवर चालणारं, आणि दर महिन्याला हिशेब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. खान्देशात युनियन या शब्दावरचा विश्वास मालकांनी जितका घालवला तितकाच काही पुढाऱ्यांनी घालवला. केबिनमध्ये एकट्याने जायचं, चहा घ्यायचा, तोडपाणी करायचं आणि बाहेर येऊन ‘साहेब विचार करतो म्हणाले’ सांगायचं. हे तुमच्या वडिलांनी पाहिलंय, म्हणून ते घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. एक नियम करा: मालकाकडे बोलणीला कधीही तिघांपेक्षा कमी जण जायचे नाहीत, आणि तिथे जे ठरेल ते त्याच दिवशी सगळ्यांना लिहून कळवायचं.

स्वतःची वेगळी युनियन काढायची की जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या, सर्वसाधारण युनियनमध्ये जायचं? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. इंटक, आयटक, सीटू, हिंद मजदूर सभा, भारतीय मजदूर संघ, कोणाचा झेंडा घ्यायचा ते तुम्ही ठरवा. त्यांची माणसं भेटा, हिशेब दाखवा म्हणा, जे दाखवतील त्यांच्याकडे जा. पण एका प्लॉटपुरती युनियन टिकत नाही. कारण सांगतो. चटईच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा दाण्याचा असतो, मग वीजबिल, मग बाकी. तुमचा मालक लहान असेल तर दाण्याच्या भावावर त्याचा काही ताबा नाही, आणि घेणारा व्यापारी त्याला पैशा-पैशाने दाबतो. त्याला दाबता येते ती एकच गोष्ट, तुमची मजुरी. त्याने एकट्याने मजुरी वाढवली तर शेजारच्या प्लॉटवरची चटई स्वस्त पडते आणि गिऱ्हाईक तिकडे जातं. हे खरं आहे, आणि मालक हे बोलला तर त्याला खोटं ठरवू नका. त्याला सांगा, म्हणूनच आम्ही सगळ्या प्लॉटवर एकच दर मागतोय. दर सगळ्यांना सारखा लागला की प्रामाणिक मालकाचं नुकसान होत नाही.

आपल्याच भागात हे झालेलं आहे. बाजार समितीतल्या हमालांना एक मालक नसतो, आज या अडत्याचा माल, उद्या त्या. तरी १९६९ चा माथाडी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली चळवळ होती. माथाडी मंडळात कामगाराची नोंद, व्यापाऱ्याची नोंद, मजुरी मंडळात जमा, त्यावर व्यापाऱ्याने भरायची लेव्ही, त्यातून फंड, बोनस, रजा. हमालाचं नाव कागदावर आलं आणि दर सगळ्या पेठेला एक झाला. जळगावच्या डाळमिलींत गोणी उचलणाऱ्या किती जणांची अशी नोंद आहे, हे निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्याला विचारायला हवं. आपल्याकडे उमेदवार कोणत्या समाजाचा हे आधी विचारलं जातं, हजेरीचं कोणी विचारत नाही.

शहाद्याचं तर खान्देशाबाहेर जास्त लोकांना माहीत आहे. १९७१-७२ मध्ये अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने भिल्ल आदिवासी उभे राहिले, मग श्रमिक संघटना झाली. त्या वेळी सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याने, आखाजीला (अक्षय तृतीयेला) उचल घेतली की वर्षभर तो मालकाचा. दिवस-रात्र असं काही नसायचं. संघटनेने गावोगाव सालदारांचा पगार ठरवायला लावला, गेलेल्या जमिनी मागितल्या, आणि बायांनी दारूचे अड्डे फोडले. एका शेतकऱ्याकडे दोन सालदारांनी संप केला असता तर दुसऱ्या दिवशी दुसरे आले असते. पट्ट्यातल्या सगळ्या गावांत एकदम दर मागितला म्हणून तो मिळाला.

आणि सालदाराचा तुमच्याशी थेट संबंध आहे. चोपड्याला शेतात दिवसाला जेवढं मिळतं, त्याच्या थोडं वर दिलं की ठेकेदाराला एमआयडीसीच्या गेटवर पोरगा मिळतो. नंदुरबारचं जोडपं कोयता घेऊन गुजरातला ऊस तोडायला जातं, ते इथे पोट भरत नाही म्हणून. शेतमजुरी आणि रोजगार हमीचा दर वर सरकला की तुमच्या गेटबाहेरची रांग कमी होते. त्यामुळे शेतमजुरांचा मोर्चा निघेल तेव्हा लूमवाल्यांनी सुट्टी टाकून त्यात जायला हवं.

संपाबद्दल थोडकंच. नव्या औद्योगिक संबंध संहितेत १४ दिवस आधी नोटीस दिल्याशिवाय संप करता येत नाही, समेटाची बोलणी चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस करता येत नाही, आणि अर्ध्या किंवा जास्त जणांनी एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच धरतात. दहा जणांनी मिळून नोटीस न देता काम थांबवलं तर आठ दिवसांपर्यंत पगार कापता येतो. तेव्हा रात्रपाळीला कोणी येऊन ‘आत्ताच बंद पाडू’ म्हणाला तर आधी तो कोणाचा माणूस आहे ते बघा. ठेकेदारच कधी कधी माणूस पाठवतो.

सुरक्षेचं मागणीपत्रात वर घ्या. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला, किमान १२ जीव गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि मालावर बसून जाणारे किमान १५ मजूर गेले. अशा वेळी पहिला प्रश्न येतो, आत किती जण होते, आणि हजेरीत नाव नसेल तर तिथेही तुमच्या घरच्यांना आधी तुम्ही होता हे सिद्ध करत बसावं लागतं. तुमच्या कंपनीत आग लागली तर बाहेर पडायला दुसरं दार आहे का, रात्री त्याला कुलूप असतं का, हे मला पुढच्या वेळी कळवा.

घरच्यांना काय सांगायचं? खोटा धीर देऊ नका. कामावरून काढतील का, तर एक-दोघांना काढायचा प्रयत्न होईल. युनियन केली म्हणून काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात ती होती आणि नव्या संहितेच्या यादीतही आहे. पण कामगार न्यायालयात तारखा पडतात, वर्षं जातात. म्हणून ज्यांच्या डोक्यावर सावकाराचं मोठं कर्ज आहे किंवा घरात आजारपण आहे, त्यांचं नाव पहिल्या सात जणांत घालू नका. वर्गणीतला काही भाग पहिल्यापासून बाजूला ठेवा, ज्याला काढतील त्याच्या घरी किराणा जाईल एवढा. ज्या युनियनने हे केलं तिची माणसं फुटत नाहीत, असं मी पाहिलंय.

पहिला अर्ज पगारवाढीचा करू नका. तीनच गोष्टी मागा: नेमणूकपत्र, पगाराची पावती आणि पगार बँकेत. तिन्ही कायद्याने द्यायच्याच आहेत, त्यामुळे नाही म्हणायला मालकाला जागा नाही, आणि तिन्ही मिळाल्या की ओव्हरटाइमचा दावा आपोआप उभा राहतो. अर्ज कंपनीच्या आणि तिन्ही ठेकेदारांच्या नावाने, प्रत सहायक कामगार आयुक्तांना, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. खाली सह्या गोल करून घ्या म्हणजे पहिली सही कोणाची ते कळत नाही. सह्या सत्तरच्या वर गेल्याशिवाय तो टपालात टाकू नका, आणि टाकायच्या आधी एक प्रत मला दाखवा.